शोरूमची सर्व्हिसिंग की घरचा पाना?

उटनूरहून दुचाकी सर्व्हिसिंगला आदिलाबादला न्यायची तर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. शंभर सीसीची गाडी लिटरला साठ किलोमीटर देते असं धरलं तरी पावणेदोन लिटरच्या आसपास पेट्रोल जातं, म्हणजे पावणेदोनशे रुपये. गाडी सकाळी लावायची आणि दुपारनंतर हातात घ्यायची, त्यामुळे तो दिवसही मोडतो. रोजगार हमीची तेलंगणातली २०२५-२६ ची मजुरी ३०७ रुपये होती. दिवसाचे एवढेच धरले आणि चहा-जेवण त्यात मिळवलं, तरी गाडीला पहिला पाना लागण्याआधी पाचशेच्या वर खर्च झालेला असतो. शोरूमच्या बिलात यातलं काहीच दिसत नाही. नारनूर, गादिगुडा, बेला किंवा तामसीकडच्या माणसाने आपापलं अंतर घालून हाच हिशेब करून पाहावा. ऑइल बदलण्यासारख्या कामात ऑइलपेक्षा प्रवासच महाग पडतो, असं अनेकांच्या लक्षात येईल.

म्हणून शोरूम महाग की स्वस्त, हा प्रश्न आदिलाबाद जिल्ह्यात हैदराबादसारखा सोडवता येत नाही. शहरात सर्व्हिस सेंटर कोपऱ्यावर असतं, तिथे फक्त बिलांची तुलना पुरते. इथे अंतर, मोडलेला दिवस आणि हंगाम यांचाही विचार करावा लागतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एक दिवस गाडी नसणं आणि उन्हाळ्यात एक दिवस गाडी नसणं यांची किंमत सारखी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं शोरूमवर सोपवू नका आणि सगळं स्वतःच्या अंगावरही घेऊ नका. कामं वाटून घ्या. काही घरी, काही गावातल्या मेस्त्रीकडे आणि काही फक्त शोरूमला. ही वाटणी एकदा नीट झाली की वर्षाकाठी बऱ्यापैकी पैसे वाचतात आणि गाडीही जास्त टिकते.

वॉरंटी असेपर्यंत

नवीन गाडीचं पहिलं बंधन वॉरंटीचं असतं. उदाहरण म्हणून हिरोच्या दुचाकी घ्या. त्यांना पाच वर्षं किंवा सत्तर हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत वॉरंटी असते आणि सुरुवातीच्या पाच सर्व्हिसिंग मोफत असतात. मोफत म्हणजे मजुरी मोफत. ऑइलसारख्या लागणाऱ्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात. हे माहीत नसल्यामुळे काउंटरवर वाद होतात.

दुसरी गोष्ट दिवसांची. पहिली सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किलोमीटर किंवा ६० दिवस, जे आधी होईल तेव्हा करायची असते. शेतावर ये-जा करण्यापुरतीच गाडी वापरणाऱ्याचे किलोमीटर भरत नाहीत, पण दिवस उलटून जातात आणि वॉरंटीवर प्रश्न उभा राहतो. गाडी घरी आल्या दिवशीच पुस्तिकेतल्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, ही भीती मात्र जितकी दाखवली जाते तितकी खरी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या, त्यामुळे ग्राहक त्यांच्याच सर्व्हिस सेंटरला बांधला जात होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या आणि बाहेरच्या मेकॅनिककडे गेला एवढ्या एकाच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, पण ग्राहकाच्या बाजूचं तत्त्व तेव्हा कागदावर आलं. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचं पोर्टलही सुरू झालं. त्या कामात मोटारगाड्यांबरोबर शेतीची अवजारंही घेतली आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

तरीही माझा सल्ला सावधपणाचा आहे. इंजिन फेल झालं आणि कंपनीने हात वर केले, तर भांडायला जाणारा वेळ आणि पैसा आपलाच असतो. म्हणून वॉरंटी चालू असेपर्यंत पुस्तिकेतल्या ठरलेल्या सर्व्हिसिंग शोरूमलाच करा, शिक्का घ्या, बिल जपा. मधल्या काळातली हवा, चेन, ब्रेकची पकड, बॅटरीची स्वच्छता ही कामं घरी करायला कुणाची परवानगी लागत नाही. वॉरंटी संपली की वाटणी बदलते. तेव्हा शोरूमला जाण्याचं कारण प्रत्येक वेळी स्वतःला विचारावं.

सीमेवरच्या आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. गाडी सीमेपलीकडे पांढरकवड्याला किंवा किनवटला घेतली म्हणून सर्व्हिसिंगला तिकडेच जावं लागतं असं नाही. कंपनीची वॉरंटी त्या कंपनीच्या देशभरातल्या अधिकृत केंद्रांत चालते. बेल्याच्या माणसाला जे केंद्र जवळ पडेल तिथे त्याने जावं.

बिल वाचायला शिका

पैसे वाचवण्याची सगळ्यांत मोठी जागा गॅरेजमध्ये नसून काउंटरवर आहे. गाडी लावली की जॉब कार्ड तयार होतं. ते बहुधा इंग्रजीत असतं, बोलणं तेलुगूत होतं आणि मराठी माणूस घाईत सही करून मोकळा होतो. असं करू नका. कार्डावर काय काय लिहिलं आहे ते वाचून दाखवायला सांगा. अंदाजे किती खर्च येईल तो आकडा कार्डावर लिहून घ्या. यापेक्षा जास्त काही निघालं तर आधी फोन करा, मगच काम करा, असं स्पष्ट सांगा. आणि जुने काढलेले भाग परत द्या म्हणा. या एका मागणीने न बदललेला भाग बदलला म्हणून लावण्याचा प्रकार आपोआप थांबतो.

मग येतात जोडकामं. इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लिनिंग, टेफ्लॉन कोटिंग, गाडीखालचं अँटिरस्ट, एसीचं जंतुनाशक. प्रत्येकाचं नाव भारदस्त आणि रक्कम चारशे-पाचशेपासून काही हजारांपर्यंत. नियम सोपा आहे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्या किलोमीटरला ते काम लिहिलेलं असेल किंवा गाडीत तशी तक्रार असेल, तरच करून घ्या. गाडी नीट उठते, मायलेज देते, धूर नाही, तर इंजेक्टर साफ करायची गरज काय? गाडीखाली गंज आहे का हे वाकून पाहता येतं. टेफ्लॉनने रंगाला चमक येते, गाडीचं आयुष्य वाढत नाही.

ऑइलच्या मापाकडे लक्ष द्या. हिरो स्प्लेंडरच्या ९७.२ सीसीच्या इंजिनात ऑइल बदलताना साधारण ९०० मिलिलिटर ऑइल मावतं. बिलात एक लिटर लावलं असेल तर उरलेलं कुठे आहे ते विचारा. पिंपातलं सुटं ऑइल घालण्याऐवजी सीलबंद बाटली समोर फोडायला सांगणं चांगलं.

कराचंही तसंच. पाकिटावर छापलेली किंमत सर्व कर धरूनच असते. बिलात भागाची मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवले तरी दोन्हींची बेरीज छापील किमतीच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटार आणि दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तर ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि ठरावीक भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले आहेत. मजुरीवर १८ टक्के आहेच. म्हणजे घरी केलेल्या कामात मजुरीबरोबर तिच्यावरचा करही वाचतो.

घरी काय करावं

सुरुवात दुचाकीपासून करू, कारण जिल्ह्यात घराघरात तीच आहे. रिंग पान्यांचा बरा सेट, प्लगचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजायचा गेज, साधा मल्टिमीटर, ब्रश आणि ऑइल काढायचं जुनं घमेलं एवढ्यात घरची कामं होतात. एकट्याने घ्यायला जड वाटलं तर तीन-चार घरांत मिळून एक सेट घ्यावा. पाने स्वस्त घेऊ नका. हलका पाना बोल्टचं डोकं गोल करून टाकतो आणि तो बोल्ट काढायला शेवटी मेस्त्रीच बोलवावा लागतो.

ऑइल बदलायला अर्धा तास पुरतो. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून ऑइल पातळ करा, गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, खालचा बोल्ट काढा आणि ऑइल पूर्ण निथळू द्या. बोल्टचं वॉशर नवं घाला. परत बसवताना बोल्ट आधी हाताने फिरवत न्या, पाना शेवटी लावा आणि जोर करू नका. इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. त्याचे आटे गेले तर ऑइलमध्ये वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो. घरी ऑइल बदलणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान याच एका ठिकाणी होतं, म्हणून पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी उभा करा.

नवं ऑइल भरताना बाटलीवर दोन गोष्टी पाहा. एक, ग्रेड. स्प्लेंडरसारख्या गाडीला १०डब्ल्यू-३० लागतं, तुमच्या गाडीचं पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरी, गिअरच्या मोटारसायकलसाठी जेएएसओ एमए किंवा एमए-२ असा शिक्का. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू लागतो. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी बहुधा एमबी शिक्क्याचं ऑइल असतं.

पातळी तपासताना इंजिन थोडं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत डिपस्टिक आट्यांवर नुसती टेकवून पाहायची असते, फिरवून आत घालायची नसते. फिरवून पाहिलं तर पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी असताना गाडी चालत राहते.

किती किलोमीटरला बदलायचं? पुस्तिकेतला आकडा ही वरची मर्यादा समजा. धुळीच्या वाटा, ओझं, ऊन असेल तर त्याआधी बदला, असं पुस्तिकेतच लिहिलेलं असतं आणि आदिलाबादची ग्रामीण गाडी या तिन्हींतून रोज जाते.

एअर फिल्टरबाबत एक चुकीची सवय सर्वत्र आहे. पंक्चरवाल्याकडच्या हवेने फिल्टर फुंकून परत बसवतात. पूर्वीच्या फोमच्या फिल्टरला रॉकेलमध्ये धुऊन थोडं ऑइल लावलेलं चालायचं. आताच्या स्प्लेंडर, ॲक्टिव्हासारख्या गाड्यांत कागदी फिल्टर असतो आणि त्याला कारखान्यातच तेलकट थर दिलेला असतो. त्याला हवा मारायची नाही आणि धुवायचाही नाही. तो खराब झाला की बदलायचा. किंमत फारशी नसते आणि काम दोन-चार स्क्रूंचं असतं. इथली शेतातली धूळ पाहता तो मुदतीआधीच उघडून पाहावा.

चेनवर जुनं काळं ऑइल ओतणं ही तशीच सवय आहे. त्या ऑइलमध्ये इंजिनातला कीट असतो, तो चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही झिजवतो. चेन रॉकेल आणि ब्रशने साफ करून पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे लावा. हे करताना इंजिन बंदच हवं. चाक हाताने फिरवायचं. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसताना बोटं तुटतात, आणि हे काम मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. चेनचा ढिलेपणा किती असावा ते पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक छोट्या गाड्यांना दोन-अडीच ते तीन सेंटिमीटर.

ड्रम ब्रेकच्या प्लेटवर एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या खुणेला पोचला की लायनर संपलं. नट आवळून ब्रेक पुन्हा पकडू लागेल, पण लायनर उरलेलं नसतं, हे लक्षात ठेवा. आणि ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. एकटा स्वार आणि मागे बसणारा यांच्यासाठी मागच्या चाकाचे आकडे वेगळे असतात. ते गाडीवरच्या स्टिकरवर असतात आणि फरक मोठा असतो. टायर विकत घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात का घ्यायचा?

हंगामाप्रमाणे कामं बदलतात. जूनमध्ये, पेरणीच्या आधी, ब्रेक, चेन आणि टायरची नक्षी पाहून घ्या. काळ्या मातीच्या वाटेने गेल्यावर मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखल ठासून बसतो. तो त्याच दिवशी काठीने काढा, नाहीतर वाळल्यावर चाक अडवतो आणि क्लचवर ताण येतो. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा चाकाच्या मधोमध आणि वायरिंगवर धरू नका. बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि दोन महिन्यांनी चाक आवाज करू लागतं.

डिसेंबर-जानेवारीत आदिलाबादचा पारा एक आकड्यात उतरतो आणि उन्हाळ्यात ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बॅटरी उन्हाळ्यात खराब होते, पण कळतं ते हिवाळ्यात, पहाटे सेल्फ न लागल्यावर. मल्टिमीटरने बघा. रात्रभर उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. चालू गाडीत आकडा वाढत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरी घालून पैसे वाया जातील. झाकणाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात.

कार आणि ट्रॅक्टर

कारचं ऑइल घरी बदलायच्या फंदात बहुतेकांनी पडू नये. गाडीखाली जावं लागतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि पाच-दहा मिनिटांत निघतो. इंजिनचा एअर फिल्टर बऱ्याच गाड्यांत क्लिपांनी बसवलेला असतो. वायपरची पाती, बल्ब, वॉशरचं पाणी हेही घरचं काम. कूलंट टाकीवरच्या खुणेपर्यंत हवं, आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.

ब्रेक ऑइलचा विषय मात्र मेकॅनिकचाच. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. निर्मलकडे जाताना महबूब घाट उतरणाऱ्यांनी हे टाळू नये. सतत ब्रेक लावून उतरलं की ते तापतं, ओलावा असेल तर त्यात वाफ होते आणि पेडल खाली जातं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरणं हाही देखभालीचाच भाग आहे.

ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसून तासांवर असते. इंजिन ऑइल बऱ्याच मॉडेलना २५० तासांच्या आसपास बदलतात. पण इथे खरा जीव एअर क्लीनरमध्ये आहे. ऑइल बाथचा असेल तर धुळीच्या दिवसांत वाटी रोज उघडून बघा. तळाशी गाळ बसला की ऑइल बदला. हे शेतकऱ्याने स्वतः करायचं काम आहे, कारण शोरूमचा माणूस रोज शेतात येणार नाही. जिनिंगला आणि बाजार समितीत कापसाच्या फेऱ्या चालू असतात तेव्हा रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि कचरा अडकतो. मऊ ब्रशने तो काढा, नाहीतर इंजिन तापतं आणि दोष पंपावर ढकलला जातो.

मेस्त्री आणि शोरूम

वॉरंटीबाहेरच्या गाडीचं बरंचसं काम इचोडा, बोथ, गुडीहत्नूर किंवा जैनथच्या चांगल्या मेस्त्रीकडे होतं. क्लच प्लेट, चेन किट, व्हील बेअरिंग ही कामं त्याला शोरूमइतकीच येतात. अडचण बहुधा हाताची नसते, मालाची असते. म्हणून सुटा भाग तुम्ही स्वतः आणा. जुन्या भागावरचा किंवा पुस्तिकेतला पार्ट नंबर लिहून घ्या, आदिलाबादला गेलात की अधिकृत काउंटरवरून सीलबंद पाकीट घ्या, छापील किंमत आणि कंपनीचं होलोग्राम पाहा, पक्कं बिल घ्या. मेस्त्रीला फक्त मजुरी द्या, आणि ती देताना घासाघीस करू नका. तुमच्या गावात गाडी जाणणारा माणूस टिकणं तुमच्याच फायद्याचं आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि छोट्या मोटारसायकलींतही कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं. या गाड्यांत स्क्रू फिरवून ट्यूनिंग करायचं काही उरलेलं नाही. इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा. एअरबॅग, एबीएस, एसीचा गॅस आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारंगी वायरी यांना घरी हात लावू नका. इलेक्ट्रिक स्कूटरचं बरंचसं निदान कंपनीच्या संगणकावरच होतं. म्हणून ती घेण्याआधी दुरुस्ती नेमकी कुठे होते, आदिलाबादला की निजामाबाद-नागपूरला, ते विचारून घ्या. त्या उत्तराने किमतीतली सूट फिकी पडू शकते.

कंपनीने एखाद्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर ते काम शोरूमला मोफत होतं, वॉरंटी संपलेली असली तरी विचारा. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की कळतं.

जुनं ऑइल आणि कागद

घरी ऑइल बदललं की काळं ऑइल उरतं. ते नाल्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. कायद्याने ते घातक कचऱ्यात येतं, आणि थोडंसं ऑइलही बरंच पाणी नासवतं. बंद कॅनमध्ये साठवा आणि ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात द्या, तिचे पैसे वजा होतात.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे लागले, आणि बिलं त्याच वहीत. वॉरंटीच्या वादात हीच कामाला येते आणि गाडी विकताना भावही चांगला येतो. वर्षअखेर बेरीज केली की कोणतं काम कुठे करायचं याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत सापडेल.

शोरूमने न केलेल्या कामाचे पैसे लावले, वॉरंटी अन्यायाने नाकारली, तर आधी व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे मराठीत आणि तेलुगूतही बोलता येतं. तरीही सुटलं नाही तर आदिलाबादच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. गाडीसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत जॉब कार्ड, बिल, लेखी तक्रारीची पोच आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स न्या.